नवस फेडायचा असतो, नेम पाळायचा असतो

आमचे हे डायलिसिसच्या मशीनवर जायला लागले त्याला गेल्या नोव्हेंबरात आठ वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातची पाळी, दर वेळी चार तास. लालबागला माझं पोळी-भाजीचं छोटं केंद्र आहे. ह्यांना सेंटरवर सोडायचं, परत येऊन कणीक मळायची, आणि अकराच्या आधी डबे बाईच्या हवाली करून पुन्हा ह्यांना आणायला जायचं, असा आठवडा चालतो.

गेल्या महिन्यात सेंटरबाहेरच्या बाकावर एक मुलगी भेटली, पंचवीस-सव्वीसची. वडिलांचा पहिलाच आठवडा होता. मांडीवर फाइल, हातात न उघडलेली पाण्याची बाटली. तिनं विचारलं, “काकू, आठ वर्षं तुम्ही पॉझिटिव्ह कशा राहिलात?” मी म्हटलं, “पॉझिटिव्ह नाही गं राहिले.” तिचा चेहरा पडला. पुढचं बोलणार तोच आतून तिच्या वडिलांचं नाव पुकारलं आणि ती धावली. तिला सांगायचं राहून गेलं ते इथं लिहिते. घरात लांबणारं दुखणं आलेल्या कुणालाही ते चालेल, मग ते किडनीचं असो नाहीतर दुसरं काही.

नवस कुठे आणि नेम कुठे, ते आधी ठरवा

लालबागला राहून नवसाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. २०१८ च्या गणपतीत मी स्वतः राजाच्या नवसाच्या रांगेत रात्रभर उभी होते. ह्यांना किडनी मिळू दे, एवढंच मागितलं. पण त्या रात्री रांगेत पाय अवघडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नवसात अट असते. तू हे दे, मग मी ते फेडेन. नेमात अट नसते. माझे सासरे माळकरी होते, साताऱ्याकडचे. पाऊस पडला नाही म्हणून त्यांनी वारी चुकवली नाही आणि पीक चांगलं आलं म्हणून दोनदा केली नाही. आषाढ आला की निघायचं.

हसतमुख आशा मला नवसाच्या जातीची वाटते. ती वाईट नाही, पण ती कशावर तरी टांगलेली असते. पुढच्या महिन्यात रिपोर्ट सुधारेल, दिवाळीपर्यंत नंबर लागेल. ते झालं नाही की त्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी करायला काहीच उरत नाही. नेमवाल्याला सकाळी उठून करायचं काम असतंच.

म्हणून पहिलं काम हे करा. जे व्हावंसं वाटतं ते एका कागदावर लिहा, घडी घाला आणि देवघरात ठेवा. देव मानत नसाल तर कपाटातल्या साड्यांखाली ठेवा. ते मागणं खरं आहे, त्याची लाज बाळगू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र फक्त नेम लिहायचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात मशीनच्या दिवशी दोन आकडे असतात, जाण्याआधीचं वजन आणि आल्यावरचं. इंजेक्शनचा दिवस असला तर एक टिंब. योजनेची मंजुरी पुन्हा घ्यायची असली तर त्या तारखेभोवती गोल. (महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधारच्या चार-चार झेरॉक्स कायम पिशवीत ठेवा, ऐन वेळी दुकान उघडं नसतं.) बरं होण्याची तारीख त्या कॅलेंडरवर कधीही लिहू नका. घरातल्या कुणी लिहिली तर समजावून खोडा.

आधी डबा, मग दिवा

हे मी शिकले ते बाराव्या वर्षी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे आबा विणखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर होते. आई आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतच खानावळ चालवायची, चौदा माणसं जेवायला. समोरच्या खोलीत एक काका राहायचे, फार गोड माणूस. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून सगळ्या मजल्याला धीर द्यायचे. “पाडव्याला भोंगा वाजतोय बघा.” पाडवा गेला. “गणपतीच्या आत मिटतंय, आतली बातमी आहे.” गणपती गेले. मग दिवाळी. आम्ही पोरं त्यांच्याकडे पळत जायचो, कारण त्यांच्याकडे गेलं की बरं वाटायचं. दिवाळीनंतर ते गॅलरीत यायचे बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात बिऱ्हाड गावाला गेलं ते परत आलंच नाही. संप तर रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही.

आई मिटेल म्हणाली नाही, मिटणार नाही असंही म्हणाली नाही. खानावळीतली माणसं एकेक करून गावाकडे गेली, चौदाची सहा झाली, सहाची दोन. आई रोज पहाटे पिठाचा डबा उघडायची, आत हात घालून अंदाज घ्यायची आणि आज भाकऱ्या किती ते ठरवायची. कमी पडणार असतील तर तसं स्पष्ट सांगायची, “आज दोघांत तीन.” मग हात धुऊन देवाला दिवा लावायची. तो क्रम कधी उलटा झालेला मी पाहिला नाही. पुढे तिनं मसाले कुटून द्यायला सुरुवात केली, आबांनी रखवालदारी धरली. आज माझ्या केंद्रात जो मसाला वापरते तो तिच्याच हातच्या मापाचा.

आजारपणात हा क्रम जसाच्या तसा लागू करा. आमचा डबा म्हणजे ह्यांचा डावा हात. मनगटाच्या वर फिस्टुला आहे, म्हणजे ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडलेली आहे, तिथूनच मशीनला रक्त जातं. तिथं बोटं ठेवली की आत थरथर लागते, मांजर गुरगुरावं तशी. ती थरथर रोज सकाळी तपासायची असते. लागली नाही किंवा मंद वाटली, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच सेंटरला फोन करायचा. त्या हातात बीपी मोजू द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, घड्याळ घालायचं नाही, पिशवी उचलायची नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. दवाखान्यात नवीन माणूस असला की मीच आधी सांगते, “डावा हात नाही.” सकाळी उठल्यावर मी ह्यांच्या हातावर बोटं ठेवते, थरथर लागली की मग देवघराकडे जाते.

महिन्याचे रिपोर्टही असेच. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस. आधी वाचायचे, न समजलेलं वहीत लिहून डॉक्टरांना विचारायचं, मग नमस्कार. श्रद्धा आहे म्हणून पाकीटच न उघडणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांची तळमळ खरी असते, पण डबा न बघता लावलेला दिवा घर सांभाळत नाही. आमच्या सोबतच्या एका गृहस्थांना नात्यातल्या कुणीतरी सांगितलं, मशीनची सवय लागते, बंद करा, हा काढा घ्या, तीन महिन्यांत किडनी सुरू. सांगणारा किती उत्साहानं सांगत होता ते मी समोर बसून ऐकलं. त्या गृहस्थांनी दोन फेऱ्या चुकवल्या. छातीत पाणी भरून, धाप लागलेल्या अवस्थेत रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. मशीन बंद करायला सांगणाऱ्या माणसाला दारातूनच हात जोडा, मग तो कितीही प्रेमाचा असो.

ताटातला नेम

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरातल्या बाईचा सगळ्यात जास्त जीव इथंच जातो.

दिवसाला पाणी किती, ते डॉक्टर ठरवून देतात. आमच्याकडे सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवते. चहा घेतला तर तेवढं बाटलीतून काढून टाकायचं, आमटीची वाटी घेतली तरी काढायचं. संध्याकाळी बाटली डोळ्यांना दिसते, त्यामुळे भांडण होत नाही. तहान फार लागली तर बर्फाचा लहान खडा. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते, म्हणून पापड-लोणचं बंद. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते कौतुकानं आणू नका. त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं आणि किडनीच्या माणसाला ते घातक ठरतं. नारळपाणी हा तर मुंबईतला आजाऱ्याला भेटायला जाण्याचा रिवाजच आहे. ते, केळी, संत्री डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. शाळेबाहेर मीठ-मसाला लावून मिळतं ते चांदणीच्या आकाराचं आंबट फळ तर अजिबात नाही, किडनीच्या माणसाला ते विष आहे. भाज्या बारीक चिरायच्या, भरपूर गरम पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, मग शिजवायच्या. चव जाते. मी आईच्या मसाल्यातली धणे-जिऱ्याची बाजू वाढवून, लिंबाचे चार थेंब टाकून भागवते.

आता उपवासाचं. ह्यांची एकादशी लहानपणापासूनची. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, सगळं उपवासाचं ताट ह्यांना वर्ज्य असलेलंच. पहिल्या वर्षी ह्यांना वाटलं, आपला नेमच गेला. तीन-चार एकादश्या उदास होऊन बसले. मग आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं आणि थोडी भगर, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय, एवढं ठरलं. मधुमेह असल्यानं नुसतं उपाशी राहायची त्यांनी बंदी केली. ह्यांनी मग काय केलं, एकादशीला सकाळचा चहा सोडला. ह्यांच्यासारख्या चहाबाजाला ते साध्या उपवासापेक्षा जड आहे. नेमाचं रूप शरीरानुसार बदलावं लागतं. बदलायला घाबरू नका, सोडू मात्र नका.

२०२३ ची आषाढी गुरुवारी आली, २९ जून. दर आषाढीला लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात चालत जायचा ह्यांचा रिवाज, वडाळ्याला आपले लोक प्रतिपंढरपूरच म्हणतात. त्या दिवशी मशीन. एका खुर्चीवर चार तास, डाव्या हातात दोन सुया, उजव्या हातात तुळशीची माळ. शेजारच्या खुर्चीवर छापखान्यातले एक निवृत्त कंपोझिटर असतात, देव अजिबात न मानणारे. तेही आठवड्याचे तीन दिवस वजनाची वही काढून आपल्या बारीक सुबक अक्षरात आकडे लिहितात. आठ वर्षांत एक रकाना रिकामा नाही. दोघांत मला काही फरक दिसत नाही. द्वादशीला, शुक्रवारी, आम्ही टॅक्सीनं वडाळ्याला जाऊन आलो.

फोन येतो त्या रात्रीसाठी

मी माझी किडनी द्यायला तयार होते. तपासण्यांमध्ये मलाच साखर निघाली. मग मेंदूमृत दात्याकडून मिळण्याच्या यादीत नाव घातलं. ते रुग्णालयामार्फत घालावं लागतं आणि मुंबईची यादी झेडटीसीसी, म्हणजे अवयवदानाचा समन्वय करणारी संस्था, सांभाळते. यादीत नाव लागलं की फोन कायम चार्ज ठेवायचा, नंबर बदलला तर रुग्णालयाच्या समन्वयकाला कळवायचं, एक पिशवी भरून ठेवायची. आणि मनाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: फोन आला म्हणजे किडनी मिळाली असं नाही. एका वेळी अनेकांना बोलावतात. प्रत्येकाचं रक्त दात्याच्या पेशींशी जुळवून बघतात, क्रॉसमॅच म्हणतात त्याला, आणि मग यादीच्या क्रमानं ठरतं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. २०२२ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी रात्री सव्वाअकराला फोन आला. काही खाऊ नका, निघा. माझे धाकटे दीर टॅक्सी घेऊन आले. भाऊजी म्हणजे आमच्या घरातला उजेड आहेत. सतत हसणार, सतत “होणार म्हणजे होणार” म्हणणार. वाटेतच त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं. रात्री कुठून कोण जाणे, पेढ्यांचा पुडाही आणला. पहाटे पाचला सांगितलं, आमच्या आधीच्या क्रमांकांची जुळली, तुम्ही घरी जाऊ शकता.

हे काही बोलले नाहीत. घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “आज मंगळवार ना? सातची पाळी मिळेल.” आम्ही तिथूनच सेंटरवर गेलो. वजन केलं, मी वहीत लिहिलं. तो दिवस मला त्या आकड्यानं तारून नेला, हे अगदी खरं सांगते. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. रडणं नेमाच्या आड येत नाही. ज्याला रडू येत नाही त्याचा विश्वास मोठा, असं काही नसतं.

कोसळले ते भाऊजी. महिना-दीड महिना आले नाहीत, फोन उचलेनात. आपण अपशकुन केला असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, “भाऊजी, गुरुवारी ह्यांना सोडायचं काम तुम्ही घ्या. मला त्या दिवशी बाजार असतो.” आले. आजतागायत, जवळजवळ चार वर्षं, गुरुवारी पावणेसातला खाली त्यांची हाक येते. अजून म्हणतात, होणार म्हणजे होणार. पण आता तारीख सांगत नाहीत. तुमच्या घरातल्या अशा माणसाला गप्प करू नका, उपदेशही करू नका. त्याला दर आठवड्याचं एक ठरावीक काम द्या.

वाईट सकाळी काय बोलावं

आजारी माणूस म्हणतो, “नको आज. कंटाळलो.” त्याला “सगळं छान होईल” म्हणू नका. त्याला माहीत असतं की तुम्हाला माहीत नाही, आणि मग तो तुमच्याशी खरं बोलायचं सोडतो. मी म्हणते, “हो, कंटाळा आलाच असणार. चप्पल घाला. अकराला मी बाहेर उभी आहे.” आठ वर्षांत अकराला मी तिथं नाही, असं तीनदाच झालं, आणि तिन्ही वेळा आधी कळवलं. पाळता येईल असंच वचन द्या. जेवढं छोटं, तेवढं चांगलं.

पावसाचंही आधी ठरवून ठेवा. हिंदमाताला पाणी भरलं की आमचा रस्ता तुटतो. जून लागला की मी मोठ्या भरतीचे दिवस बघून ठेवते. मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारी मोठी भरती आणि मुसळधार पावसाचा इशारा एकत्र आला, तर आदल्या दिवशीच सेंटरला विचारून वेळ पुढे-मागे करून घेते. फेरी चुकलीच तर पाणी आणखी कमी, फळं पूर्ण बंद, आणि पुढची जागा मिळेल तेव्हा लगेच. श्वास लागला, छातीत धडधडलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकल बंद, टॅक्सी नाही. लालबागहून परळपर्यंत आम्ही दोघं मध्येमध्ये कठड्यावर बसत चालत गेलो आहोत. एकदा फेरी चुकली म्हणून नेम मोडला असं धरून बसू नका. माझे सासरे एका वर्षी टायफॉइडनं वारीला गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

स्वतःची साखर तपासायला विसरू नका. मी दोन वर्षं विसरले आणि ते महागात पडलं. आता माझं इन्सुलिन आणि माझं चालणंही त्याच कॅलेंडरवर आहे, हिरव्या पेननं.

त्या बाकावरच्या मुलीसाठी आणखी एक. बाई, पुढचं सगळं वर्ष एकदम डोळ्यांसमोर आणू नकोस. नवीन कालनिर्णय परवाच आणलं. पहिल्या वर्षी मी बाराही पानांवर मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या खुणा एका बैठकीत केल्या होत्या. दीडशेच्या वर भरल्या, आणि मी पेन ठेवून तशीच बसून राहिले. तेव्हापासून एका वेळी एकच पान करते. यंदा १ जानेवारी गुरुवारीच येतोय, भाऊजींचा दिवस. जानेवारीच्या खुणा झाल्या आहेत. फेब्रुवारीचं पान फेब्रुवारीत.